राजाचा पाय, मजुराचा पाय : बंद पडणाऱ्या धमन्या, बिडी आणि दाहाचा इतिहास

१.
१२ मार्च १९४९. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यातील एका दालनाचे त्या दिवसापुरते शस्त्रक्रियागृह झाले होते. टेबलावर होता ब्रिटनचा राजा सहावा जॉर्ज. 'भारताचा सम्राट' ही पदवी त्याने आदल्याच वर्षी सोडली होती. परंतु प्रजासत्ताक अद्याप व्हायचे असल्याने कागदोपत्री तो भारताचाही राजा होता. पायाच्या धमन्या अरुंद झाल्या होत्या, पाय कापावा लागण्याची भीती होती. प्रा. जेम्स लिअरमंथ यांनी कमरेजवळील चेतातंतू छेदून पायाच्या रक्तवाहिन्या सैल करण्याची शस्त्रक्रिया केली. पाय वाचला. राजा अट्टल धूम्रपान करणारा होता.

२.
त्याच काळात हीच शस्त्रक्रिया भारतातील सरकारी इस्पितळांतही होऊ लागली. तेथील रुग्ण मात्र निराळे होते : तिशी-चाळिशीतले शेतमजूर, हमाल, विणकर. त्यांच्या ओठांत सिगारेट नव्हे, बिडी असे. विदर्भाच्या रानातील पान, निपाणीकडची किंवा गुजरातची तंबाखू, आणि पायाच्या बोटावर न भरणारी काळी जखम. हा धागा त्या जखमेविषयी आहे. तिला वैद्यकाने आधी 'नळी तुंबली' म्हटले, मग 'नळीला आग लागली आहे' असे ओळखले; या दोन वाक्यांच्या मधला प्रवास दीडशे वर्षांहून मोठा आहे.

३.
आरंभ एका घोड्यापासून. १८३१ साली फ्रेंच पशुवैद्य बुले यांच्याकडे गाडीचा एक घोडा आला. उभा असताना तो ठणठणीत असे. थोडे धावला की मागचे पाय लंगडत, विसावा मिळाला की पुन्हा नीट. मृत्यूनंतर शवविच्छेदनात त्याच्या पायांकडे जाणाऱ्या धमन्या बंद असल्याचे दिसले. १८५८ मध्ये पॅरिसच्या शार्को यांनी माणसात हेच लक्षण वर्णिले. चालल्यावर पोटरीत गोळा येणे, थांबल्यावर ओसरणे, पुन्हा तितकेच चालल्यावर पुन्हा येणे. 'लंगडणे' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला क्लॉडिकेशन हे नाव पडले.

४.
कारण सोपे आहे. बसलेल्या माणसाच्या पोटरीला थोडे रक्त पुरते. चालू लागल्यावर स्नायूंची गरज कैक पटींनी वाढते. नळी अरुंद असेल तर मागणी आणि पुरवठा यांचा मेळ बसत नाही. स्नायू प्राणवायूवाचून कळवळतो. अडथळा वाढत गेला की विश्रांतीतही दुखते, रात्री पाय खाटेखाली लोंबता ठेवल्याशिवाय झोप लागत नाही, बोटाला साधी ठेच लागली तरी ती भरत नाही. शेवटी ऊतक मरते. त्यालाच गँगरीन म्हणतात.

५.
पण नळी अरुंद का होते? यावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दोन दिग्गजांत वाद झाला. व्हिएन्नाचे रोकितान्स्की म्हणत : रक्तातील द्रव्ये भिंतीवर थर धरतात, पाण्याच्या नळाला क्षार धरावा तसे. बर्लिनचे रुडॉल्फ फिरखो म्हणाले : नाही, आजार भिंतीतच सुरू होतो. भिंतीच्या पेशी चिथावल्या जातात, हा दाह आहे. १८५६ च्या सुमारास त्यांनी या विकाराला दिलेल्या लॅटिन नावातही 'धमनीचा अंतर्दाह' हाच अर्थ होता.

६.
येथे 'दाह' हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने दाहाची चार चिन्हे नोंदवली : लाली, सूज, उष्णता, वेदना. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत व्रणशोथाच्या कच्च्या, पिकत्या आणि पिकलेल्या अवस्थांचे बारकाईने वर्णन आहे. दाह हा मुळात शत्रू नव्हे. काटा रुतला, जंतू शिरला की शरीर पांढऱ्या पेशींची फौज तेथे पाठवते, ते दाहाचे काम. पण फौज परतलीच नाही, तर ज्या गावाच्या रक्षणाला ती आली तेच गाव उद्ध्वस्त होते. धमनीत नेमके हेच घडते, असे फिरखो यांचे म्हणणे होते.

७.
फिरखो यांचे मत मागे पडले. १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत चरबीचे थर निर्माण करून दाखवले आणि विसाव्या शतकाचे लक्ष चरबीकडे वळले. ते चुकीचे नव्हते. कोलेस्टेरॉल हा खरोखरच मोठा दोषी आहे. परंतु त्या भरात 'नळ आणि गाळ' ही प्रतिमा इतकी घट्ट बसली, की उपचार म्हणजे गाळ काढणे किंवा नवा नळ टाकणे, एवढाच अर्थ उरला. दाहाचा धागा मात्र एका वेगळ्या, तरुणांच्या रोगात जिवंत राहिला.

८.
१८७९ साली व्हिएन्नात बिलरोथ यांचे सहायक फेलिक्स फॉन विनिवार्टर यांनी एका ५७ वर्षांच्या माणसाच्या कापलेल्या पायाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच वर्षी त्याच शहरात लिओ बर्गर यांचा जन्म झाला. पुढे बर्गर अमेरिकेत गेले. १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय इस्पितळातून त्यांनी ११ कापलेल्या अवयवांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून प्रबंध लिहिला. रोगाला त्यांनी दिलेल्या 'थ्रॉम्बोअँजायटिस ऑब्लिटरन्स' या नावातच सारे आले : गुठळी, वाहिनीचा दाह आणि बंद पडणे. आज हा आजार 'बर्गर रोग' म्हणून ओळखला जातो.

९.
बर्गर यांना काय दिसले? वृद्धांच्या धमन्यांत चरबी व चुन्याचे थर असतात, भिंत कडक झालेली असते. या तरुणांच्या धमन्यांत चरबी नव्हती. होती ती पांढऱ्या पेशींनी खच्चून भरलेली गुठळी. भिंतीचा लवचीक पडदा बराचसा शाबूत, पण धमनी, शेजारची शीर आणि चेतातंतू हे तिन्ही दाहाने एकमेकांना चिकटून दोरखंडासारखे झालेले. रोग मोठ्या धमनीत नव्हे, तर गुडघ्याखालच्या आणि कोपराखालच्या बारीक वाहिन्यांत. एक तुकडा बंद, पुढचा मोकळा, त्यापुढचा पुन्हा बंद.

१०.
रुग्णांमध्ये एक गोष्ट सारखी होती : तंबाखू. पुढच्या दशकांत हे नाते इतके पक्के झाले, की तंबाखूचा इतिहास नसेल तर बर्गर रोगाचे निदानच करू नये, असा दंडक पडला. जपानचे शिओनोया यांनी घालून दिलेल्या पाच निकषांत पहिलाच धूम्रपानाचा आहे. मग वयाच्या पन्नाशीआधी सुरुवात, गुडघ्याखालील धमन्या बंद होणे, हातालाही लागण किंवा फिरता शिरांचा दाह, आणि धूम्रपानाव्यतिरिक्त मधुमेहासारखी इतर कारणे नसणे.

११.
आता नकाशा न्यूयॉर्कवरून दख्खनकडे वळवू. तंबाखू भारतात आणली पोर्तुगिजांनी. मुघल दरबारात ती पोहोचली ती मात्र दख्खनमधून. अकबराचा वकील असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरहून परतला, तेव्हा त्याने तंबाखू आणि रत्नजडित नळी बादशहासमोर ठेवली. अकबराने काही झुरके घेतले. दरबारी हकिमाने हरकत घेतली : या वस्तूची कुठल्याच ग्रंथात नोंद नाही, परीक्षा न करता ती घेऊ नये. असद बेगने उलट वाद घातला, की जगातली प्रत्येक चाल कधीतरी नवीच असते. बादशहाने स्वतः पुढे ती ओढली नाही. सरदारांनी मात्र उचलली. १६१७ मध्ये जहांगिराने काढलेला मनाई हुकूम कागदावरच राहिला.

१२.
हुक्का श्रीमंतांचा होता. मजुराला हवी होती खिशात मावणारी, एका काडीवर पेटणारी वस्तू. ती म्हणजे बिडी. पानात गुंडाळण्याची कल्पना नवी नव्हती, 'विडा' या शब्दाशी तिचे नाते उघड आहे. पण बिडीचा मोठा उद्योग उभा राहिला तो विसाव्या शतकाच्या आरंभी. १८९९ च्या भीषण दुष्काळात गुजरातेतून अनेक कुटुंबे पोटासाठी मध्य भारतात आली. गोंदिया-जबलपूर पट्ट्यात रेल्वे येत होती, आणि रानोमाळ टेंभुर्णीची, म्हणजे तेंदूची झाडे होती. तेंदूचे पान वाळल्यावरही मोडत नाही, सहज वळते आणि हळूहळू जळते. गुजरातची तंबाखू आणि विदर्भाचे पान यांचा संयोग रेल्वेने घडवला. पुढे स्वदेशीच्या चळवळीत परदेशी सिगारेटीला पर्याय म्हणूनही बिडीला मान मिळाला.

१३.
यवतमाळ जिल्हा या भूगोलाचा भाग आहे. १९०५ पर्यंत त्याचे नाव वणी जिल्हा होते. त्या वर्षी वऱ्हाडची फेररचना झाली, पुसद तालुका त्याला जोडला गेला आणि जिल्ह्याला यवतमाळचे नाव मिळाले. दारव्हा आणि पुसद यांच्यामधल्या वाटेवर, अरुणावतीच्या खोऱ्यात दिग्रस वसले आहे. काळी माती, कापसाची बाजारपेठ आणि आसपास सागाबरोबर तेंदूचे रान. उन्हाळ्यात शेतात काम नसते, तेव्हा तेंदूची नवी पाने फुटतात. पहाटे रानात जायचे, पाने तोडायची, दुपारपर्यंत पुडे बांधायचे आणि फडीवर मोजून द्यायचे. कोरडवाहू मुलखात खरिपाच्या बियाण्याचा पैसा कित्येक घरांत येथूनच येतो.

१४.
१९६९ च्या कायद्याने महाराष्ट्र शासनाने तेंदूपानांचा व्यापार आपल्या नियंत्रणाखाली आणला. त्याआधी १९६६ मध्ये बिडी व सिगार कामगारांच्या कामाच्या अटींविषयी केंद्राचा कायदा झाला होता. सिन्नर, सोलापूर, गोंदिया येथे बिडी वळणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी. सीमाभागातील निपाणीत तंबाखूच्या वखारींतील स्त्री-कामगारांनी संघटना उभारली. युगांतर या चित्रपटगटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर चित्रपट केला. १९८१ मध्ये याच निपाणीत शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी भावासाठी मोठे आंदोलन केले होते. बिडीच्या इतिहासात शोषण आहे आणि त्याविरुद्धचा लढाही. पण या लढ्यांच्या मागण्यांत ओढणाऱ्याचा पाय क्वचितच होता.

१५.
बिडी लहान असते, म्हणून ती कमी घातक, असा समज आजही आढळतो. शास्त्र उलट सांगते. तेंदूचे पान सिगारेटच्या कागदासारखे सच्छिद्र नसते, त्यामुळे धूर हवेने विरळ होत नाही. बिडी विझू नये म्हणून झुरके वारंवार आणि खोल घ्यावे लागतात. मुंबईत १,४८,१७३ लोकांचा पाठपुरावा करून प्रकाश गुप्ता व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये निष्कर्ष मांडले : पुरुषांत धूम्रपान न करणाऱ्यांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका १.३७ पट, तर बिडी ओढणाऱ्यांचा १.६४ पट होता.

१६.
बर्गर रोगाच्या जगाच्या नकाशावर याचे प्रतिबिंब दिसते. धमन्या बंद पडल्याने पाय धोक्यात आलेल्या रुग्णांत पश्चिम युरोपात बर्गर रोगाचे प्रमाण ०.५ ते ५.६ टक्के, तर भारतात ४५ ते ६३ टक्के, असे आकडे वैद्यकीय आढाव्यांत वारंवार दिले जातात. तंबाखूतील घटकांमुळे वाहिनीच्या अस्तराला इजा होते आणि शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच भिंतीवर उलटते, असे यामागचे मुख्य मत आहे. २००५ मध्ये जपानी संशोधकांना बर्गर रुग्णांच्या बंद धमन्यांत हिरड्यांच्या रोगाच्या जंतूंचे अंश सापडले. खराब दात, तंबाखू आणि गरिबी एकत्र नांदतात, हे ध्यानात घेता हा शोध लक्षणीय आहे.

१७.
या रोगाचे अस्तित्वही एकदा नाकारले गेले होते. १९६० मध्ये अमेरिकेतील वेस्लर व सहकाऱ्यांनी लिहिले, की बर्गर रोग असा वेगळा रोगच नाही. ती साधी धमनीकाठिण्याचीच रूपे आहेत. पाश्चात्त्य देशांत रुग्ण घटत होते, त्यामुळे हे मत काहींना पटलेही. पण जपान, भारत, इस्राएल येथील डॉक्टरांसमोर तीस वर्षांचे, मधुमेह नसलेले, बोटे गमावलेले रुग्ण रोज येत होते. रोग नाहीसा झाला नव्हता; तो गरीब देशांत राहिला होता.

१८.
उपचारांचा इतिहास पाहू. १९२४ मध्ये ब्वेनोस आइरेसच्या हुलिओ दिएस यांनी या रुग्णांवर कमरेजवळील चेतातंतू छेदण्याची शस्त्रक्रिया केली. राजाच्या पायावर १९४९ मध्ये झाली, ती याच कुळातली. १९४६ मध्ये लिस्बनचे दोस सांतोस यांनी धमनी उघडून आतला थर खरवडून काढला. १९४८ मध्ये पॅरिसचे कुनलँ यांनी रुग्णाच्याच पायातील शीर काढून अडथळ्याला वळसा घालणारा पूल बांधला, म्हणजेच बायपास. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या, पाय कापून घेण्यास नकार देणाऱ्या एका स्त्रीच्या मांडीतील धमनी नळ्या सरकवून रुंद केली. हीच अँजिओप्लास्टीची सुरुवात. ती हृदयावर नव्हे, पायावर झाली. १९७४ मध्ये झ्युरिकचे ग्रुन्त्सिग यांनी त्यात फुगा आणला.

१९.
बर्गर रोगापुढे मात्र हे सारे थिटे पडले. बायपासचा पूल बांधायचा तर पलीकडे टेकू हवा. येथे पलीकडच्या बारीक वाहिन्याच बंद. म्हणून भारतीय शल्यविशारदांनी पोटातील ओमेंटम, म्हणजे आतड्यांवरची चरबीची झालर, लांबवून पायापर्यंत नेण्याची युक्तीही वापरली, जेणेकरून तिच्यातल्या वाहिन्यांतून नवे रक्त मिळेल. प्रोस्टासायक्लिन हे वाहिन्या सैल करणारे द्रव्य १९७६ मध्ये सापडले. त्यापासून बनवलेल्या इलोप्रॉस्टचा उपयोग १९९० मध्ये दिसून आला. दाह आहे म्हणून स्टेरॉइड देऊन पाहिले गेले, त्यांनी रोग थांबला नाही. आग विझवण्याचा प्रयत्न चालू असताना दुसऱ्या हाताने तेल ओतले जात होते, ते कसे थांबणार?

२०.
तेल थांबवल्यावर काय होते, याचे उत्तर अमेरिकेतील जेफ्री ओलिन यांनी २००० मध्ये मांडलेल्या १२० रुग्णांच्या नोंदींत आहे. ५२ जणांनी धूम्रपान सोडले. त्यांपैकी ९४ टक्क्यांचे अवयव वाचले. ६८ जणांनी चालू ठेवले. त्यांपैकी ४३ टक्क्यांना किमान एकदा अवयव गमवावा लागला. कोणत्याही शस्त्रक्रियेने वा औषधाने या रोगात इतका फरक पाडलेला नाही. दिवसाला एक-दोन बिड्याही रोग धगधगत ठेवतात. तंबाखू चघळणाऱ्यांतही हा रोग नोंदला गेला आहे. खर्रा हा बिडीला पर्याय मानणाऱ्या विदर्भाने हे वाक्य पुन्हा वाचावे.

२१.
इकडे वृद्धांच्या, चरबीवाल्या धमन्यांच्या बाबतीतही फिरखो परत आले. डॉटर यांच्या वारशात एक दुखणे होते : उघडलेली धमनी काही महिन्यांत पुन्हा अरुंद होई. फुग्याने भिंत ताणली की तिला जखम होते. जखमेला दाह होतो. दाहाच्या संदेशांनी भिंतीतील स्नायुपेशी वाढून नळी पुन्हा बुजवतात. अमेरिकन संशोधक रसेल रॉस यांनी १९७६ मध्ये 'इजेला प्रतिसाद' हा सिद्धांत मांडला आणि १९९९ मधील त्यांच्या गाजलेल्या लेखाचा आशय शीर्षकातच होता : धमनीकाठिण्य हा दाहजन्य रोग आहे. फिरखो यांच्यानंतर १४३ वर्षांनी.

२२.
सिद्धांताला पुरावा लागतो. तो २०१७ मध्ये मिळाला. पॉल रिडकर यांच्या नेतृत्वाखालील कँटोस चाचणीत १०,०६१ हृदयरुग्णांना कॅनाकिनुमॅब किंवा खोटे औषध दिले गेले. हे औषध कोलेस्टेरॉलला हातही लावत नाही. ते इंटरल्युकिन-१ बीटा या दाहाच्या एका निरोप्याला अडवते. मधल्या मात्रेत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयरोगाने मृत्यू या एकत्रित घटना १५ टक्क्यांनी घटल्या. दाह हा केवळ साक्षीदार नसून आरोपी आहे, हे सिद्ध झाले. पण किंमतही दिसली : जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. फौज मागे बोलावली की वेशीवर पहारा उरत नाही.

२३.
मग शोध सुरू झाला स्वस्त आणि सौम्य औषधाचा. तो जाऊन थांबला वातरक्ताच्या, म्हणजे गाउटच्या जुन्या औषधावर : कोल्चिसिन. कोल्चिकम या वनस्पतीतून १८२० मध्ये हे द्रव्य वेगळे करण्यात आले. तेच द्रव्य आपल्या रानात पावसाळ्यात फुलणाऱ्या, ज्वाळेसारख्या लाल-पिवळ्या पाकळ्यांच्या कळलावीतही असते. ही वनस्पती अत्यंत विषारी आहे. तिचा कंद पोटात जाणे जीवघेणे ठरते. औषध आणि विष यांच्यातील अंतर मिलिग्रॅमचे असते, म्हणून घरगुती प्रयोगाला येथे थारा नाही.

२४.
२०२० मध्ये ५,५२२ हृदयरुग्णांवरील चाचणीत रोज ०.५ मिलिग्रॅम कोल्चिसिनने हृदयाच्या गंभीर घटना ३१ टक्क्यांनी कमी केल्या. जून २०२३ मध्ये अमेरिकेने या उपयोगाला मान्यता दिली. २०२४ मध्ये मात्र झटका येऊन गेलेल्या सात हजारांहून अधिक रुग्णांवरील दुसऱ्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. पायांच्या रुग्णांसाठीही कोल्चिसिनची चाचणी हाती घेण्यात आली. दुसरा मार्ग अधिक नेमका आहे : धमनी फुग्याने उघडल्यावर बारीक सुईच्या कॅथेटरने तिच्या बाहेरच्या थरात डेक्सामेथासोन हे दाहशामक टोचायचे, म्हणजे औषध जखमेपाशीच राहील आणि बाकीच्या शरीराचा पहारा शाबूत राहील. डान्स नावाच्या चाचणीत याचे उत्साहवर्धक निकाल आले. तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने ते अंतिम नव्हेत.

२५.
फुग्यावर पॅक्लिटॅक्सेलचा लेप देण्याची पद्धतही याच लढाईतली. २०१८ च्या अखेरीस एका विश्लेषणाने या लेपाने मृत्यू वाढत असल्याचा इशारा दिला आणि जगभर वापर मंदावला. अधिक माहिती जमल्यावर २०२३ मध्ये अमेरिकी नियामकांनी तो इशारा मागे घेतला. वैद्यकाचा इतिहास असा सरळ रेषेत चालत नाही. रोकितान्स्की पूर्ण चुकले नव्हते, फिरखो पूर्ण बरोबर नव्हते. गुठळी, चरबी आणि दाह या तिन्ही धाग्यांचा पीळ सुटा करणे, हे काम अजून चालू आहे.

२६.
दिग्रसच्या रुग्णापर्यंत यातले काय पोहोचते? नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चे, सेवाग्रामचे १९६९ चे, यवतमाळचे १९८९ चे. म्हणजे तीन पिढ्यांत इस्पितळ जवळ आले. पण खरा विलंब इस्पितळाबाहेर होतो. तरुण माणसाचा तळवा किंवा पोटरी चालताना दुखते, तेव्हा ते 'वात', 'कंबरेची नस' किंवा अशक्तपणा मानले जाते. बोट काळे पडल्यावर धाव घेतली जाते. निदानाची पहिली पायरी मात्र अगदी साधी आहे : पावलावरील नाडी बोटांनी चाचपणे आणि घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहणे. ही तुलना १९५० पासून वैद्यकाला ठाऊक आहे.

२७.
पाय गेलाच, तर शेतमजुराचे काय? १९६० च्या दशकाच्या अखेरीस जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा पाय घडवला. त्यावर उकिडवे बसता येते, चिखलात उतरता येते, अनवाणी चालता येते. परदेशी कृत्रिम पाय बूट घालणाऱ्यासाठी होता. हा शेतात राबणाऱ्यासाठी होता. सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तरीही बर्गर रोगात एक पाय गेल्यावर बिडी चालू राहिली, तर दुसऱ्याची पाळी येते. मग बोटांची. तिशीत सुरू झालेला रोग पन्नाशीपर्यंत चारही अवयवांवर हात फिरवू शकतो.

२८.
व्यसनाविरुद्धचा आवाज वऱ्हाडला परका नाही. गाडगेबाबांच्या कीर्तनांत तो होता, तुकडोजी महाराजांच्या ग्रामप्रबोधनातही. आधुनिक काळात गडचिरोलीत डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी दारू-तंबाखूविरुद्ध 'मुक्तिपथ' उभारला. राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरील २८.६ टक्के भारतीय तंबाखूचे सेवन करणारे आणि ७.७ टक्के बिडी ओढणारे आढळले. टक्का लहान वाटला, तरी माणसे कोट्यवधी आहेत.

२९.
आणि चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर या गावाच्या ग्रामसभेने तेंदूपाने तोडणेच थांबवले. पानांसाठी झाडे छाटली जातात, रानाला आगी लावल्या जातात, आणि तंबाखू आरोग्याला घातक, अशी त्यामागची कारणे. बांबूचे उत्पन्न हाताशी होते म्हणून हे जमले, हेही खरे. ज्या गावाकडे दुसरे उत्पन्न नाही, त्याला तेंदू सोडण्याचा उपदेश करणे सोपे आणि अन्यायाचे आहे. ओढणाऱ्याचा पाय आणि तोडणारीची चूल हे दोन्ही प्रश्न एकाच पानावर लिहिलेले आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्याला वगळून मिळणार नाही.

३०.
सारांश. १८३१ चा घोडा, १८५६ चे फिरखो, १९०८ चे बर्गर, १९६४ चे डॉटर, १९९९ चे रॉस, २०१७ ची कँटोस. या वाटेवर वैद्यकाने एक गोष्ट शिकली : बंद नळी उघडणे हे अर्धे काम, ती ज्या आगीने बंद पडली ती शमवणे हे उरलेले अर्धे. पुढच्या काळात त्यासाठी नेमकी औषधे येतील. बर्गर रोगात मात्र सर्वांत प्रभावी दाहशामक आजही एकच आहे, आणि ते औषधाच्या दुकानात मिळत नाही : शेवटची बिडी विझवून पुन्हा न पेटवणे. राजाला ते जमले नाही. १९५१ मध्ये त्याचे फुप्फुस काढावे लागले आणि ६ फेब्रुवारी १९५२ रोजी वयाच्या ५६ व्या वर्षी तो गेला. ज्या मजुराला ते जमते, तो आपल्या पायांनी घरी जातो.